प्राचीन ग्रीस-रोममधील गुलाम आणि रोजंदार



या व्यासपीठावर आजवर पंडित आणि प्राध्यापक बोलून गेले. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांतून झाले. तेव्हा आम्हांस ग्रीक किंवा लॅटिन येते असा समज कोणी करून घेऊ नये. जे वाचले ते भाषांतरांतून वाचले. परंतु हा विषय वाचावयास आम्ही का लागलो, ते आधी सांगितले पाहिजे.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका फौंड्रीच्या दारात आमची सभा चालली होती. भाषण रंगात आले होते. "तुम्ही कामगार नाही, तुम्ही गुलाम आहात!" असे म्हणून आम्ही टाळ्याही घेतल्या. सभा संपल्यावर एक वयस्क मोल्डर जवळ आला आणि म्हणाला, "अण्णा, गुलाम म्हणजे नेमकं काय हो? शिव्या आम्ही खातो, उचल फेडता फेडता जन्म जातो, हे खरं. पण उद्या मी दुसऱ्या फौंड्रीत कामाला लागलो, तर मला तिथून धरून कोण आणणार?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. तो ऐकून निघून गेला. ते उत्तर आमचे आम्हांसच पटलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन ग्रंथपालांस विचारले, की गुलामांविषयी सगळ्यांत जुने असे काय आहे? त्यांनी ग्रीस-रोमचा इतिहास हाती दिला. तेव्हापासून हा नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही.

आरंभ एका दगडापासून करू. अथेन्सच्या टेकडीवर एरेक्थिऑन नावाचे देऊळ आहे. खांबांच्या जागी उभ्या असलेल्या दगडी स्त्रियांची चित्रे आपण पाहिली असतील, तेच हे देऊळ. इ. स. पूर्वी ४०९ च्या सुमारास त्याचे अर्धवट राहिलेले काम पुन्हा सुरू झाले आणि त्याचा जमाखर्च दगडावर कोरून ठेवला गेला. त्या दगडांचे तुकडे सापडले आहेत. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ते देवळाच्या कामाचे मस्टर होय. ज्यांचा दर्जा ओळखू येतो असे ८६ कारागीर त्यात आहेत. त्यांपैकी २४ अथेन्सचे नागरिक, ४२ बाहेरून येऊन राहिलेले परके, आणि २० गुलाम. रोजाने काम करणाऱ्याचा दर सामान्यतः एक द्राख्मा. देवळाच्या वास्तुशिल्पज्ञाचा पगारही दिवसाला हिशेब केला तर एक द्राख्माच पडतो!

पूर्वेकडच्या खांबांवर उभ्या खाचा पाडण्याचे काम टोळ्या करीत होत्या. एका खांबावर सिमियस नावाचा परका पाथरवट आहे. त्याच्या टोळीत सॅनियन, एपिएकीस आणि सोसँड्रॉस अशी तीन नावे आहेत आणि तिघांच्याही नावापुढे 'सिमियसचा' असे लिहिले आहे. म्हणजे हे तिघे त्याचे गुलाम. धनी आणि गुलाम एकाच खांबाला छिन्नी लावीत होते, आणि मस्टरात प्रत्येकाच्या नावापुढची रक्कम जवळजवळ सारखी आहे. हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बसलो. समान कामाला समान दाम मिळावे म्हणून आमची उमर गेली, आणि येथे तो दर गुलामाला लागू होता! फरक इतकाच, की सॅनियनचा द्राख्मा कायद्याने सिमियसचा. सॅनियनही सिमियसचाच.

आता हा सॅनियन मिळतो कोठे? त्याचेही एक कागदपत्र आहे आणि तेही दगडावरच. इ. स. पूर्वी ४१५ मध्ये देवांची विटंबना केल्याच्या आरोपावरून अथेन्समधील कित्येक बड्या मंडळींची मालमत्ता जप्त झाली आणि पुढच्या वर्षी लिलावात निघाली. त्यांत केफिसोडोरस नावाचा, पिरियस बंदरात राहणारा एक परका होता. त्याचे १६ गुलाम विकले गेले. यादीत नावे नाहीत; देश आणि किंमत एवढेच आहे. सिरियाचा एक पुरुष ३०१ द्राख्मा, थ्रेसची एक स्त्री २२०, लिडियाची एक स्त्री ८५, कॅरियाचा एक लहान मुलगा ७२. पाथरवटाच्या रोजाने मोजले तर त्या पोराची किंमत अडीच महिन्यांची मजुरी. या १६ जणांत थ्रेस, सिरिया, कॅरिया, इलिरिया, सिथिया, कॉल्किस, लिडिया, इतक्या ठिकाणची माणसे एका घरात होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

त्या मोल्डरने उचलीचा उल्लेख केला होता. उचलीचा आणि गुलामीचा संबंध अथेन्सच्या इतिहासात फार विलक्षण आहे. इ. स. पूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथील गरीब शेतकरी कर्ज फिटले नाही म्हणून स्वतः आणि मुलाबाळांसह सावकाराच्या ताब्यात जात, कित्येक परदेशी विकलेही जात. इ. स. पूर्वी ५९४ मध्ये सोलनच्या हाती अधिकार आले. त्याने जुनी कर्जे रद्द केली आणि माणसाचे शरीर तारण ठेवून कर्ज देण्यास कायमची मनाई केली. आपल्याकडे वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे सोलनची थोरवी कळते. परंतु पुढे काय झाले? अथेन्सचा गरीब आता मोकळा झाला, त्याला सभेत मत मिळाले, त्याला जबरीने राबविता येईना. श्रीमंतांच्या शेताला आणि कारखान्याला माणसे तर हवीच होती. ती बाहेरून विकत आणली जाऊ लागली. मोझेस फिन्ली या इतिहासकाराने ही गोष्ट फार स्पष्टपणे मांडली आहे : ग्रीसमध्ये नागरिकाचे स्वातंत्र्य आणि परक्याची गुलामगिरी ही दोन्ही बरोबरीनेच वाढली. ज्या कायद्याला आम्ही डोक्यावर घेतो, त्याच्या दुसऱ्या बाजूला केफिसोडोरसच्या घरातले ते १६ जण उभे आहेत.

देवळाचे काम उजेडातले. लॉरियमच्या चांदीच्या खाणींचे तसे नाही. अथेन्सच्या दक्षिणेस या खाणी होत्या. इ. स. पूर्वी ४८३ च्या सुमारास तेथे मोठी शीर लागली, त्या चांदीतून लढाऊ जहाजे बांधली गेली आणि त्याच जहाजांनी ४८० मध्ये सॅलॅमिसला इराणी आरमार बुडविले. शाळेच्या पुस्तकात जहाजे असतात, खाण नसते. तेथील बोगदे कित्येक ठिकाणी हातभर-दोन हात उंचीचे आहेत. माणूस आत सरपटत किंवा गुडघ्यावर जाई, तेलाचा दिवा जवळ ठेवी आणि पडल्यापडल्या खडक फोडी.

आता एक कंत्राट ऐका. निशियस हा अथेन्सचा सेनापती, देवभीरू म्हणून प्रसिद्ध. त्याच्याजवळ खाणीत राबणारे १,००० गुलाम होते. ते त्याने सोसियस नावाच्या एका थ्रेसच्या माणसाला भाड्याने दिले होते. दर माणशी रोज एक ओबोल, म्हणजे द्राख्म्याचा सहावा हिस्सा, सर्व खर्च वजा जाता. आणि अट अशी, की संख्या नेहमी १,००० भरली पाहिजे. जो मरेल त्याच्या जागी दुसरा सोसियसने आणून द्यावयाचा. ही हकीकत झेनोफनने नोंदविली आहे, आणि ती निंदा करण्यासाठी नव्हे, तर सरकारनेही असाच धंदा करावा असा सल्ला देण्यासाठी! कंत्राटाचे कागद आम्ही आयुष्यात पुष्कळ पाहिले. मुकादमाची दस्तुरी, न भरलेला फंड, बदललेली नावे, सगळे पाहिले. पण मरणाची तूट भरून देण्याचे कलम कोठे वाचले नव्हते.

ही माणसे पळत नसत काय? संधी मिळाली तेव्हा पळाली. इ. स. पूर्वी ४१३ मध्ये स्पार्टाच्या फौजेने अथेन्सच्या हद्दीत डेसिलिया येथे कायमचे ठाणे दिले. त्यानंतर २०,००० हून अधिक गुलाम निघून गेले आणि त्यांत मोठा भाग कारागिरांचा होता, असे थ्युसिडिडीस लिहितो. ग्रीसमधील कामबंदीचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पण त्यांचे पुढे काय झाले? इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या एका ग्रीक इतिहासाच्या तुकड्यात असे आहे, की या युद्धात हाती आलेली माणसे आणि माल थीब्जच्या लोकांनी स्वस्तात विकत घेतला. पळालेल्यांपैकी पुष्कळजण एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गेले असावेत. आपल्या मोल्डरला दुसऱ्या फौंड्रीतून धरून आणणारा कोणी नव्हता. यांना जावयास दुसरी फौंड्रीच नव्हती.

येथे आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देतो. 'पगारदार म्हणजे गुलामच' हे वाक्य आम्ही कष्टकऱ्यांच्या बाजूचे समजून वापरीत होतो. ॲरिस्टॉटल वाचताना आढळले, की मजुरीने काम करणारा कारागीर एका मर्यादित अर्थाने गुलामच असतो, हे मत त्याचेही आहे. पुढे रोममध्ये सिसरोनेही तेच म्हटले : मजुराला मिळणारी मजुरी हीच त्याच्या गुलामीची खूण. परंतु या दोघांना मजुराची कीव आली नव्हती. हाताने काम करणाऱ्याला राज्यकारभारात बरोबरीचे स्थान नको आणि सद्‌गृहस्थाने असले धंदे करू नयेत, हे त्यांस सांगावयाचे होते. म्हणजे ते वाक्य मुळात जमीनदाराचे! त्या दिवसापासून आम्ही ते जपून वापरतो. अथेन्सचा पाथरवट नागरिक सभेत हात वर करू शकत होता, न्यायाधीश म्हणून बसत होता. सॅनियनची साक्ष न्यायालयात घ्यावयाची झाली तर आधी त्याचा छळ करावा लागे. छळाशिवाय दिलेली गुलामाची साक्ष कायद्याला मान्यच नव्हती. मजुरी एकच आणि दोघांत एवढे अंतर.

आमचे काही मित्र अशा वेळी मेगॅस्थेनीसचा दाखला देतात. हिंदुस्थानात गुलाम नाहीत असे तो ग्रीक वकील लिहून गेला, तेव्हा आपण या पापातून मोकळे! तसे नाही. अशोकाच्या शिलालेखांत दास आणि भृतक यांच्याशी नीट वागा असा उपदेश आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दासांविषयीचे नियम आहेत. नसलेल्या माणसांविषयी कोणी नियम करीत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' हे नाव दिले आणि ते अमेरिकेत निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केले, ते काही शब्दाच्या सोसापायी नव्हे. असो. आपण रोमकडे वळू.

रोममध्ये प्रकार तोच, पण प्रमाण निराळे. लढाई हीच मोठी खाण झाली. इ. स. पूर्वी १६७ मध्ये एपिरस प्रांतातील ७० गावे लुटून १,५०,००० माणसे विकली गेली. डेलॉस बेटाच्या बाजारात माणसे दिवसाला हजारोंनी उतरत आणि विकली जात. ही माणसे इटलीच्या आणि सिसिलीच्या मोठमोठ्या शेतांवर गेली. ते शेत कसे चालवावे यावर थोरल्या केटोने लिहिलेले पुस्तक उपलब्ध आहे. साखळीतल्या गुलामाला हिवाळ्यात रोज चार पौंड भाकरी, द्राक्षवेलींची खणणी सुरू झाली की पाच, आणि अंजिरे पिकू लागली की पुन्हा चार. कारण अंजिरे खाऊन पोट भरेल! नवा अंगरखा देताना जुना परत घ्यावा, त्याच्या गोधड्या होतात. आजारी पडला तर शिधा कमी करावा. म्हातारा बैल, मोडके अवजार, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम यांस विकून टाकावे. पुढे व्हॅरोने शेतीच्या साधनांचे तीन वर्ग सांगितले : मुके, अर्धे बोलके आणि बोलके. गाडी मुकी, बैल अर्धा बोलका, गुलाम बोलका.

आता ती सोळा जणांची यादी आठवा. एवढ्या ठिकाणची माणसे एका घरात का? बाजारात जे येईल ते घ्यावे लागे, हे एक कारण. दुसरे कारण प्लेटोने उघड सांगितले आहे : गुलाम एकाच देशाचे आणि एकाच भाषेचे नसावेत, म्हणजे ते ताब्यात राहतात. ॲरिस्टॉटलचा सल्ला तोच, व्हॅरोचाही थोडाफार तोच. आणि केटोविषयी प्लुटार्कने असे लिहिले आहे, की आपल्या गुलामांत काही ना काही भांडण लागलेले असावे याची तो काळजी घेई. ते एकोप्याने राहू लागले की त्याला संशय येई आणि भीती वाटे. आमच्या तीस वर्षांच्या कामात आम्हांस जे कळले ते केटोला बावीसशे वर्षांपूर्वी कळले होते. एका पाळीत गावची माणसे आणि दुसऱ्या पाळीत परप्रांतीय, कायम कामगार एका रांगेत आणि कंत्राटी दुसऱ्या रांगेत, हे आम्ही रोज पाहतो.

अथेन्समध्ये एका अनामिक धनिकाची तक्रार अशी, की रस्त्यात गुलामाला मारताही येत नाही, कारण तेथील सामान्य नागरिक आणि गुलाम सारखेच कपडे घालतात. हात चुकून नागरिकावर पडावयाचा! रोममध्ये हाच प्रश्न सीनेटपुढे आला. गुलामांना निराळा पोशाख द्यावा अशी सूचना एकदा निघाली. ती मागे पडली. कारण सेनेकाने सांगितले आहे : निराळा पोशाख दिला तर गुलाम आपल्याला मोजू लागतील, ही भीती सर्वांस वाटली.

ती मोजणी सिसिलीत झाली. इ. स. पूर्वी १३५ च्या सुमारास एन्ना या गावी डॅमोफिलस नावाचा जमीनदार होता. त्याच्या गुलामांना अंगावर धड कपडे नसत. ते मागावयास आले, तर त्याने विचारले, की रस्त्याने जाणारे प्रवासी काय नागडे जातात? म्हणजे लुटा आणि नेसा. वर फटके दिले. मेगालिस ही त्याची बायकोही तशीच क्रूर. एका रात्री चारेकशे गुलाम एकत्र आले आणि एन्ना त्यांच्या ताब्यात गेले. त्यांचा पुढारी युनस हा सिरियातील ॲपामियाचा. तोंडात निखारा भरलेले कवचीचे फळ धरून तो ज्वाळा काढी आणि देवी आपल्याशी बोलते असे सांगे. आमच्यासारख्याला हे आवडत नाही, पण निरनिराळ्या देशांच्या माणसांना एकत्र आणणारे दुसरे काय त्याच्याजवळ होते? पत्रक नव्हे, भाषाही नव्हे. त्याला राजा करण्यात आले.

नवरा-बायकोचा शेवट झाला. मात्र त्यांची मुलगी गुलामांशी मायेने वागे, त्यांच्या जखमा बांधी. तिच्या केसालाही कोणी धक्का लावला नाही. माणसे सोबत देऊन तिला कटाना येथे नातेवाइकांकडे पोहोचविण्यात आले. थोड्याच दिवसांत बेटाच्या दुसऱ्या भागात क्लीऑन नावाच्या सिलिशियाच्या माणसाने निराळे बंड उभारले. जमीनदारांना आनंद झाला : एक सिरियाचा, एक सिलिशियाचा, आता हे आपसांत लढून मरतील. क्लीऑन आपल्या लोकांसह आला आणि युनसच्या हाताखाली सेनापती झाला. केटोची सारी विद्या त्या दिवशी फुकट गेली.

डायोडोरसने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. बंडवाल्यांनी लहान शेतवाड्या जाळल्या नाहीत, साठविलेल्या धान्याला हात लावला नाही, पुढे शेती करणाऱ्यांना त्रास दिला नाही. उलट गावातले स्वतंत्र गरीब लोक बंडाचे निमित्त करून लुटावयास निघाले आणि घरे पेटविती झाली. ही बातमी समुद्रापार गेली. रोममध्ये १५० जणांनी कट केला, अथेन्सच्या मुलखात हजारावर गुलाम उठले, डेलॉसवर उठावणी झाली. सगळीकडे ती चिरडली गेली. सिसिलीत मात्र रोमच्या फौजा पुन्हा पुन्हा हरल्या. इ. स. पूर्वी १३२ मध्ये रुपिलियसने टॉरोमेनियम आणि एन्ना ही गावे घेतली, तीही आतून फितुरी झाल्यावर. युनस गुहेत सापडला तेव्हा त्याच्याबरोबर आचारी, भटारी, न्हाऊ घालणारा आणि विदूषक असे चौघे होते. कैदेत किड्यांनी खाऊन तो मेला.

या माणसाला आम्ही देव्हाऱ्यात बसविणार नाही. एन्ना घेतल्यावर हत्यारे घडविणारे लोहार त्याने साखळ्या घालून कामाला लावले. म्हणजे गुलामगिरीच नसावी, असे त्याच्याही मनात नव्हते. आपण गुलाम नसावे एवढेच होते. स्पार्टाकसची कथा तर चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक आहे. कापुआच्या तालमीतून सत्तरएक माणसे स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन निघाली आणि इ. स. पूर्वी ७३ ते ७१ पर्यंत इटली हादरत राहिली. शेवटी ६,००० जणांना कापुआ ते रोम या रस्त्यावर क्रूसावर टांगले. त्याच्या मनात काय होते ते सांगणारे त्याच्या बाजूचे एक अक्षरही उरलेले नाही.

स्वतंत्र गरिबांविषयी सिसिलीतले जे वाचले त्याने आम्ही खिन्न झालो होतो. म्हणून आणखी एक प्रसंग सांगून थांबतो. इ. स. ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुना रिवाज असा, की धन्याचा खून झाला तर त्या छपराखालच्या प्रत्येक गुलामाला मारावयाचे. त्या घरात ४०० गुलाम होते. स्त्रिया होत्या, मुले होती. सीनेटमध्ये चर्चा झाली. गायस कॅशियस या कायदेपंडिताने सांगितले, की आता आपल्या घरात निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या देवांची माणसे आहेत, भीतीवाचून ती आवरणार नाहीत. बहुमत त्याच्या बाजूने पडले. तेव्हा रोमचे लोक हातांत दगड आणि पलिते घेऊन रस्त्यावर आले. शिक्षेची अंमलबजावणी अडली. नीरोने लोकांना दटावणारा हुकूम काढला, कैद्यांना ज्या रस्त्याने न्यावयाचे त्या रस्त्यावर दुतर्फा सैनिक उभे केले आणि ४०० जणांना नेण्यात आले.

त्या मोल्डरला आम्ही हे सारे पुढे कधीतरी सांगितले. तोवर तो निवृत्त झाला होता. त्याने शेवटी एवढेच विचारले, "अण्णा, ते दगड घेऊन आलेले लोक कोण होते?" आम्ही म्हणालो, रोमचे साधे रहिवासी; कोणी हमाल, कोणी भटारी, कोणी गवंडी. रोममध्ये गुलामांना पुष्कळ वेळा मोकळे करीत आणि ते नागरिक होत. तेव्हा त्यांपैकी कित्येकांचा बाप किंवा आजा गुलाम होता. टॅसिटसने कॅशियसचे भाषण सविस्तर दिले आहे. या लोकांतल्या एकाचेही नाव त्याने दिलेले नाही.